माझ्या पोटातले छर्रे

मी एक खुळखुळा बोलतोय. खुळखुळा म्हटलं की लोकांना वाटतं, हा आता काहीतरी गोड गोड सांगणार. तसं काही नाही. मला राग आलेला आहे आणि तो अजून गेलेला नाही. ज्याला गोड ऐकायचं असेल त्याने दुसरं कुणीतरी बघावं.

माझा जन्म कातारीच्या दुकानात झाला. कातारी म्हणजे यंत्रावर लाकूड गरगर फिरवून त्याला गोल करणारा माणूस. त्याने माझ्या पोटाच्या दोन वाट्या केल्या, खाली दांडी बसवली, आत वाळलेल्या बिया घातल्या. मोजून अकरा. मग वाट्या गोंदाने चिकटवल्या, वरून लाल नि पिवळा रंग दिला आणि मला कानाशी धरून हलवलं. पीठ चाळताना चाळणीतून येतो ना, तसला माझा आवाज. कातारी स्वतःशीच म्हणाला, "चांगला आहे. बाळ दचकणार नाही." माझ्याबद्दल कुणी चांगलं बोललं ते एवढंच, म्हणून जपून ठेवलंय.

मला विकत घेतलं एका बापाने. मुलगी होऊन चार दिवस झाले होते. दुकानातला एकेक खुळखुळा तो डोळे मिटून कानाशी वाजवत बसला. कातारी म्हणाला, खेळणं घेताय की जावई निवडताय. बाप काही हसला नाही. त्याचा धंदाच आवाजाचा. सिनेमाच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग व्हायचं तिथे तो वाजवायला जायचा. व्हायोलिनवाले पुढे, बासरीवाला पुढे, आणि हा अगदी मागे, भिंतीला पाठ लावून. त्याची एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात घंट्या, झांजा, शिट्ट्या, लाकडाचे ठोकळे, चमचे. गाण्यात घोडा धावला की याचे ठोकळे, नायिका लाजली की याच्या घंट्या. हे कुणाच्या लक्षात राहत नाही, पण काढून टाकलं तर गाणं अळणी लागतं, असं तो बायकोला सांगायचा. बायको म्हणायची, म्हणजे मिठासारखं. तो म्हणायचा, हो, आणि जेवून उठल्यावर मिठाचं नाव कुणी घेतं का.

हे त्याला आतून लागलेलं होतं. तेव्हा मला ते कळलं नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, लाकडी तक्तपोशीचं. कुणी चाललं की जमीन थरथरायची. घरात बाप, आई, आणि बापाचा धाकटा भाऊ. हा भाऊ गोष्टींची पुस्तकं लिहायचा, रस्त्यावरच्या स्टॉलवर टांगलेली असतात ना, तसली. आणि पाळण्यात मुलगी. तिला सगळे ठमी म्हणायचे.

आई सात यत्ता शिकलेली. घाबरट म्हणतील लोक, मी नाही म्हणणार. बाळ झोपलं की ती त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायची. दुधाचा थेंब मनगटावर तीनदा टाकून बघायची. ठमी सात महिन्यांची झाली तेव्हा एका सकाळी आईने मला उचललं, तिच्या पाठीमागे बसली आणि मला हलवलं. ठमी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. आईने डावीकडून हलवलं, उजवीकडून हलवलं. ठमीने मान वळवली नाही. मी माझ्या अकरा बियांसकट जीव तोडून वाजलो. नाही म्हणजे नाही.

आईचा हात गार पडला. मला दांडीतून कळलं.

दुपारी ती दवाखान्यात गेली. तिथल्या नर्सबाईने चिठ्ठी लिहून दिली, कान तपासायच्या खोलीत दाखवा, पुढच्या महिन्यात या. आईने ती चिठ्ठी आरशामागे खोवली. जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, माझी मुलगी, आणि तिला ऐकू येत नाही? उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस. दीर म्हणाला, वहिनी, मुलं नादात असतात. झालं. दोघा शहाण्यांनी निकाल दिला.

आता त्या सिनेमाबद्दल सांगतो, कारण माझा खरा राग त्याच्यावर आहे.

कुठून तरी बाहेरच्या देशातून तो आला होता. त्यात चांदीच्या रंगाचे कपडे घातलेली माणसं काचेच्या टोप्या घालून आकाशात फिरत. दारं आपोआप सूंऽऽ करून उघडत. सहा महिने तो थिएटरातून उतरला नाही. ज्याने पाहिला त्याचं डोकं फिरलं, आणि पाहिला तर सगळ्यांनीच. त्यानंतर जे गाणं निघेल त्यात ते सूं. नायक नायिकेला म्हणतोय माझं तुझ्यावर प्रेम आहे, मागे सूं. कौटुंबिक सिनेमातल्या अंगाईत मधेच टुंइक टुंइक. बाळ झोपेल की उठून बसेल? पण विचारतो कोण.

घरातल्या लेखकाचंही तेच. आधी तो भुताच्या गोष्टी लिहायचा. पडका बंगला, हलणारा पडदा, पांढरी बाई. सिनेमा पाहून आल्यावर त्याने बंगल्याचं यान केलं आणि भुताला काचेचं टोपडं घालून परग्रहावरचा पाहुणा केलं. बाकी पडदा हलायचा तसाच हलत होता. प्रकरणांचे आकडे उलटे घालायला लागला, दहा, नऊ, आठ, शेवटी शून्य. वाक्यं अर्धी तोडून पुढे टिंबं द्यायची. ते आले... ते बघताहेत... आणि खपायला लागलं की हो. आई त्याची पुस्तकं वाचायची, तिला वाचायला आवडायचं. एकदा तिने विचारलं होतं, "भाऊजी, तुमच्या पुस्तकात आई नेहमी तिसऱ्या पानावरच का मरते?" तो म्हणाला, सिनेमात पण असंच असतं, वहिनी. आई असली की यान उडत नाही.

त्याच दिवसांत बापाला नव्या सिनेमाचं बोलावणं आलं. आपल्याकडचा पहिला आकाशातला सिनेमा. संगीतकाराला सगळे साहेब म्हणत. साहेबांनी लाखाचं यंत्र आणलं होतं, पेटीसारखं, विजेवर वाजणारं. पण परग्रहावरचा प्राणी येतो तेव्हा त्यांना यंत्र नको होतं. म्हणाले, मला या पृथ्वीवरचा आवाज नकोय, पण जिवंत पाहिजे. पृथ्वीवरचे आवाज त्या माणसाचे ऐकून झाले होते म्हणे. आमच्याच घरात एक सात महिन्यांचं बाळ होतं, त्याचे अजून ऐकून व्हायचे होते.

बापाने ट्रंक उपसली. साखळी ओढली, बाटलीत फुंकलं, तव्यावर नाणं फिरवलं. साहेब प्रत्येक वेळी मान हलवायचे. मग एका सकाळी, आई धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली होती, तेव्हा त्याने पाळण्यातून मला उचललं. माझा सांधा सुरीने उकलला. माझ्या अकरा बिया तळहातावर घेतल्या, बघितल्या, आणि खिडकीतून फुंकून दिल्या. मला कुणी विचारलं नाही. त्यांच्या जागी त्याने सायकलच्या चाकातले लोखंडी छर्रे भरले, सांधा पक्का चिकटवला, वर दोरा गुंडाळून रोगण फासलं. हलवून बघितलं. मी किंचाळलो. तो खूश झाला.

साहेबही खूश झाले. मला माइकसमोर धरलं, आवाज यंत्रातून उलटा-सुलटा केला आणि मी परग्रहावरचा प्राणी झालो. बापाला भिंतीजवळून उठवून पहिल्या रांगेत बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला खुर्ची दिली. गाणं गाजलं. केशकर्तनालयात, चहाच्या टपरीवर, बसमध्ये मी किंचाळत होतो, आणि बाप प्रत्येक ठिकाणी थांबून ऐकत होता. मिठाचं नाव झालं होतं.

पण हे सगळं नंतरचं. रेकॉर्डिंगचे तीन आठवडे इकडे पाळण्यात मी नव्हतो, आणि बापाने मला नेलंय एवढंच आईला ठाऊक होतं. खुळखुळा आणा, खुळखुळा आणा, म्हणून ती मागे लागली होती. शेवटी काम संपल्यावर त्याने मला आणून पाळण्यात टाकलं.

तिने लगेच मला उचललं. पाठीमागे बसली. हलवलं.

ठमीने मान वळवली.

आईने पुन्हा हलवलं, पुन्हा मान वळली. डावीकडे, उजवीकडे, दोन्हीकडे. आई तिथेच बसून रडली. मग तिला शंका आली. ती नवऱ्याला म्हणाली, अहो, हा जड का लागतोय, आणि मोठ्यानं वाजतोय. तो आरशात भांग पाडत होता. म्हणाला, सांधा उलला होता, नवीन गोंद लावलाय, म्हणून खणखणीत झालाय. आवाजातलं त्याला कळतं, आपल्याला काय कळणार, असं तिला वाटलं. आरशामागची चिठ्ठी काढली, चार घड्या घातल्या आणि कपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली.

मी ओरडून सांगत होतो. पण माझं ओरडणं म्हणजे छर्ऱ्यांचंच ओरडणं, आणि तेवढं तर ठमीला ऐकू येत होतं. मी जितकं ओरडलो तितकी खोटी साक्ष पक्की होत गेली.

सव्वा वर्ष असंच गेलं. ठमी चालायला लागली, बोलेना. नुसतं आऽ आऽ करायची. हाक मारली तर बघायची नाही, पण बाप जिना चढून दारात यायच्या आधीच दाराकडे तोंड करून उभी राहायची. तक्तपोशी थरथरली की तिच्या तळव्यांना कळायचं. लेखकाने मात्र वहीत लिहून घेतलं. म्हणाला, वहिनी, ही आपल्यासारखी नाही. ही विचार ऐकते. वरून आलेली पाहुणी आहे. आणि त्याने पुस्तक लिहिलं, आकाशातून आलेल्या मुलीचं. ती बोलत नाही, कारण तिला शब्दांची गरज नाही. पुस्तक सगळ्यांत जास्त खपलं. शेजारच्या बायका ठमीला वरची पाहुणी म्हणायला लागल्या. आलं का गं यान, म्हणून गाल ओढायच्या. आईही हसायची. मी बघितलंय, ती ओठांनी हसायची आणि डोळ्यांनी पोरीच्या तोंडाकडे बघत राहायची. कधी फारच वाटलं की मला उचलून हलवायची. ठमी वळायची. मग आईचं भागायचं.

मग साहेबांनी दुसरा भाग काढला. प्राणी परत येतो. बापाला निरोप, तोच आवाज, पण जरा बारीक करून. बाप दुपारी घरी होता. जेवणाच्या टेबलावर ताट ठेवलं आणि मला सुरीने उकललं, चार छर्रे कमी करायला.

छर्रे ताटात घरंगळले. आई भाजी चिरत होती. तिने बघितलं. विळी बाजूला ठेवली.

"हे कधी घातलेत?"

"हे होय? ते पहिल्या सिनेमाच्या वेळी."

"मला तीन आठवडे दिला नव्हता तेव्हा?"

"हो. का गं?"

तिने सगळे छर्रे ओंजळीत घेतले आणि कोपऱ्यातल्या बादलीत टाकले. डब्यातून चिमूटभर तांदूळ आणून माझ्या पोटात घातले, दोन्ही वाट्या दाबून धरल्या. ठमी खिडकीपाशी डब्यांची झाकणं मांडत होती. आई तिच्या मागे जाऊन बसली. मला हलवलं. पुष्कळ दिवसांनी मी माझ्या खऱ्या आवाजात वाजलो.

ठमीने एका झाकणावर दुसरं झाकण ठेवलं.

आईने पुन्हा हलवलं, अगदी कानाशी आणून. ठमीने तिसरं झाकण घेतलं. बाप टेबलापाशी उभा होता. चाळीस वादकांत एकाचा ठेका चुकला तर ओळखणारा माणूस. त्याच्या हातातली सुरी खाली पडली, त्याला कळलंही नाही. ठमीला ते कळलं, जमीन हादरली म्हणून. तिने मागे वळून बापाकडे बघितलं आणि हसली.

आईने कपाट उचलून खालची चिठ्ठी काढली.

कान तपासायच्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावलेल्या. ठमी आईच्या मांडीवर. तपासणारी बाई कधी या पेटीतून आवाज काढी, कधी त्या. बराच वेळ. मग तिने शांतपणे सांगितलं, मोठे आवाज हिला येतात, हळू नि बारीक येत नाहीत, आपण बोलतो त्यातलं निम्मं हिच्यापर्यंत पोचतच नाही. कानामागे यंत्र लावू. बोलेल, पण शिकवावं लागेल, वेळ लागेल. ही पहिली दोन वर्षं फार महत्त्वाची असतात हो. तुम्हाला आधी शंका आली नाही का?

आई म्हणाली, "आली होती." आणि पिशवीतून काढून मला टेबलावर ठेवलं. "यानं सांगितलं, ऐकते म्हणून."

बाप दारात उभा होता. ती त्याच्याकडे बघून नाही बोलली. माझ्याकडे बघून बोलली. मला ते मान्य आहे. त्याने भरलं आणि मी वाजलो. फुकट गेलेलं सव्वा वर्ष दोघांच्या नावावर.

घरी आल्यावर लेखक तिच्यापुढे येऊन उभा राहिला. वहिनी, मी मुद्दाम काही, एवढंच बोलला. टिंबं त्याच्या तोंडात पहिल्यांदा खरी वाटली. आई म्हणाली, "भाऊजी, पुढच्या पुस्तकात तिला आई ठेवा. आणि तिला ऐकू येत नसेल तर येत नाही असंच लिहा." त्याने प्रयत्न केला असावा. नव्या पुस्तकात आई एकतिसाव्या पानापर्यंत जगली. मुलगी मात्र अजून विचारच ऐकते. खपायला पाहिजे ना.

आणि साहेबांचा माणूस मला न्यायला आला. आई दारात उभी राहिली. बाप तिच्या मागे. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी होतं, पहिल्या रांगेतली खुर्ची मांडून ठेवलेली होती. आई काही बोलायच्या आत बापच म्हणाला, तो खुळखुळा आता मिळणार नाही. त्याने कातारीकडून दुसरा करून घेतला, तेच छर्रे भरले. तो आवाज काही आला नाही. साहेबांनी ते काम विजेच्या पेटीवर करून घेतलं. बाप पुन्हा भिंतीजवळ गेला, घंट्या घेऊन. मला त्याचं वाईट वाटत नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटतं.

ठमी आता चार वर्षांची आहे. दोन्ही कानांमागे यंत्रं आहेत. रोज सकाळी आई समोर बसून एकेक शब्द तिच्याकडून म्हणवून घेते. पाणी, पाय, पान. हे तिन्ही ठमीला अजून सारखेच वाटतात. शेजारणीकडची तिच्याच वयाची मुलगी गाणी म्हणते, तीच ती सूंवाली. आई खिडकी लावून घेते.

रेडिओवर मी अजून किंचाळतो. लोक म्हणतात, काय आवाज काढलाय, अगदी दुसऱ्या जगातला. मी इथेच आहे हो, खिळ्याला टांगलेला. आणि ज्या मुलीसाठी मला घेतलं, ती इथे या जगात एका शब्दाशी झगडतेय.

आता माझं पोट चिकटवलेलं नाही. आईने ते दोऱ्याने बांधलंय, साध्या गाठीने. दर रविवारी ती गाठ सोडते, तांदूळ तळहातावर घेऊन बघते, पुन्हा भरते आणि मला बापाच्या हातात देते. मागे जाऊन हलवायचं काम आता त्याचं आहे. हलवण्याआधी तोही गाठ सोडून आत बघतो. तिने नुकतंच बघितलेलं असतं, तरी बघतो.

यंत्र लावलेलं असेल तर ठमी वळते. एखादवेळी नाही वळत. तेव्हा दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, आधी यंत्राचा सेल बदलतात.

तुमच्या घरी लहान मूल असेल आणि ते वळत नसेल, तर कुणाचं ऐकू नका. घरातल्या हुशार माणसाचं नाही, पुस्तकाचं नाही, सिनेमाचं तर मुळीच नाही. वळत असेल तरी माझ्यासारख्याच्या नुसत्या आवाजावर जाऊ नका. आधी उघडा, आत काय भरलंय ते बघा. माझी गाठ सैल आहे.